पाठीवरचे मूल आणि मोकळे हात

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मूल कापडात बांधून नेणे हा विषय अभ्यासवर्गाच्या कार्यक्रमात पाहून काहींच्या चेहऱ्यावर स्मित उमटले असेल, तर त्यात नवल नाही. महागाई, जमीन, किमान वेतन या प्रश्नांच्या पंक्तीत लुगड्याच्या गाठीला स्थान कसे मिळाले, ही शंका रास्तच आहे. पण महाराष्ट्राने एक दृश्य शिल्पांतून आणि चित्रांतून पिढ्यान् पिढ्या डोळ्यांसमोर ठेवले आहे. घोड्यावर स्वार झालेली झाशीची राणी आणि तिच्या पाठीशी बांधलेला दत्तकपुत्र! (१८५८ साली दामोदरराव आठ वर्षांचा होता, शिल्पकारांनी त्याला आपल्या सोयीने बराच लहान केला, ते असो.) या आईपुढे हात जोडणारा समाज रस्त्याच्या कडेला खडी फोडणाऱ्या, तसेच मूल पाठीशी बांधलेल्या बाईकडे एस.टी.च्या खिडकीतून क्षणभर पाहतो आणि नजर काढून घेतो. पहिलीचे मूल शौर्याची खूण ठरते, दुसरीचे दारिद्र्याची. कापड तेच आणि गाठही तीच.

या कापडाचा इतिहास मनुष्यजातीइतकाच जुना असावा. वानराचे पिल्लू जन्मतःच आईच्या केसांना घट्ट पकडून राहते. आईचे चारही अवयव मोकळे असतात. माणसाच्या अंगावर तसे केस उरले नाहीत आणि त्याचे पाऊल चालण्यासाठी घडल्यामुळे पायाने पकडण्याची शक्तीही गेली. नवजात बालकाच्या तळहातावर बोट ठेवले की ते मूठ आवळते, एवढीच त्या जुन्या पकडीची खूण शिल्लक आहे. एंगल्सने १८७६ मध्ये वानराचा मानव होण्यात श्रमाचा वाटा काय, या विषयावर जे टिपण लिहिले त्यात हात मोकळा होण्याला निर्णायक महत्त्व दिले. ते योग्यच होते. मात्र हात मोकळे झाले ते कोणाचे, हा प्रश्न त्यात आला नाही. जिला एका हाताने मूल सावरावे लागते, तिचा एकच हात मोकळा असतो. नॅन्सी टॅनर आणि अॅड्रिएन झिलमन या दोन अभ्यासक स्त्रियांनी १९७६ मध्ये असे प्रतिपादन केले की, मूल वाहून नेण्याची झोळी आणि वेचलेले अन्न ठेवण्याचे पात्र ही माणसाच्या अगदी आरंभीच्या अवजारांपैकी असली पाहिजेत. चामडे, साल, वेली कुजून जातात, दगड टिकतो. त्यामुळे संग्रहालयात शिकारीचा दगड दिसतो, झोळी दिसत नाही. पुराव्याच्या या पक्षपातामुळे इतिहासात पुरुषाचे अवजार ठळक झाले. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात असे आढळले की, मूल हातांवर घेऊन चालण्यास झोळीत घेऊन चालण्यापेक्षा सरासरी १६ टक्के अधिक शक्ती खर्च होते. दिवसभर कंदमुळे वेचत हिंडणाऱ्या बाईच्या हिशेबात ही बचत लहान नव्हती.

पूर्व आफ्रिकेत कांगा, मेक्सिकोत रेबोसो, अँडीज पर्वतात मांता, कोरियात पोदेगी. वेल्समधील आयाही मोठ्या शालीत मूल गुंडाळून छातीशी बांधीत. महाराष्ट्रात लुगड्याचा ओचा, जुने धोतर, सुती चादर, जे हाती असेल ते. या विद्येला शाळा नव्हती. आजीने नातीला गाठ दाखवली, की झाले. युरोपातील वरच्या वर्गाने मात्र मुलाला अंगापासून दूर ठेवण्यात प्रतिष्ठा मानली. विल्यम केंटने १७३३ मध्ये ड्यूक ऑफ डेव्हनशायरच्या मुलांसाठी छोटी गाडी बनवली. पुढे दाया, बाबागाड्या आणि स्वतंत्र शयनगृहे हे सुसंस्कृतपणाचे लक्षण ठरले आणि पाठीवरचे मूल मागासलेपणाचे. साम्राज्यांबरोबर ही समजूतही जगभर पोहोचली आणि भारतातील मध्यमवर्गाने ती मुकाट्याने स्वीकारली.

नंतर चक्र उलटे फिरले. अॅन मूर ही अमेरिकी परिचारिका १९६० च्या दशकाच्या आरंभी पीस कोअरच्या कामासाठी टोगो या आफ्रिकी देशात होती. पाठीशी बांधलेली तेथील मुले किती शांत असतात हे तिने पाहिले, आणि मायदेशी परतल्यावर स्वतःच्या मुलीसाठी आईकडून तशी पिशवी शिवून घेतली. ‘स्नगली’ या नावाने तिचे पेटंट १९६९ मध्ये झाले. कल्पना कोठून आली हे मूर यांनी कधी लपवले नाही, हे त्यांच्या श्रेयाचे. पण टोगोतील ज्या आयांची ती विद्या होती, त्यांचे नाव कोणत्याही पेटंटवर असण्याचा प्रश्नच नव्हता. जर्मनीत एरिका हॉफमान या जुळ्या मुलींच्या आईने मेक्सिकोच्या वस्त्रात मुली बांधून नेण्यास सुरुवात केली. लोक विचारू लागले आणि १९७२ मध्ये त्यातून एक उद्योग उभा राहिला.

१९७२ हे साल महाराष्ट्र विसरू शकत नाही. त्याच वर्षीच्या दुष्काळात लाखो बायका बंडिंगच्या आणि खडीच्या कामावर आल्या. मे १९७३ मध्ये मदतकामांवरील मजुरांची संख्या सुमारे ५० लाखांवर गेली. तेथेही मुले कापडातच होती. एकीकडे मूल बांधण्याचे कापड दुकानात विकावयाची वस्तू होत होते, आणि दुसरीकडे तेच कापड उन्हात हातोडी मारणाऱ्या बाईच्या पाठीवर घामाने भिजत होते. आज मुंबई-पुण्याच्या दुकानांत असे तयार पट्टे मिळतात आणि त्यांतील चांगल्या प्रतीच्या पट्ट्याची किंमत शेतमजूर बाईच्या अनेक दिवसांच्या मजुरीएवढी असते. परदेशी जे लांब कापड या कामासाठी विकले जाते ते साधारणपणे साडेचार ते पाच मीटरचे. नऊवारी लुगडे आठ मीटरहून थोडे अधिक भरते. म्हणजे अर्ध्याहून किंचित जास्त लुगड्यात तेच काम भागते.

विज्ञानाने या जुन्या रीतीला न्याय दिला आहे, हेही सांगितले पाहिजे. माँट्रियलमधील हुन्झिकर आणि बार यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, ज्या मुलांना रोज किमान तीन तास अधिक अंगावर वागवले ती सहा आठवड्यांची असताना इतर मुलांपेक्षा ४३ टक्के कमी रडली. त्याहून मोठी गोष्ट कोलंबियाची. बोगोटा येथील गरिबांच्या प्रसूतिगृहात १९७८ च्या सुमारास काचपेट्यांची इतकी टंचाई होती की, एकाच पेटीत दोन-तीन अपुऱ्या दिवसांची मुले ठेवावी लागत आणि संसर्ग पसरे. एडगर रे आणि एक्तोर मार्तिनेस या डॉक्टरांनी अशी मुले आईच्या उघड्या छातीशी उभी धरून कापडाने बांधण्याची पद्धत सुरू केली. अभावातून निघालेला हा उपाय पुढे ‘कांगारू पद्धत’ म्हणून जगन्मान्य झाला. भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया या पाच देशांत झालेल्या व २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, एक किलो ते एक किलो आठशे ग्रॅमपर्यंतच्या मुलांना जन्मानंतर लगेच असे छातीशी ठेवले असता पहिल्या २८ दिवसांतील मृत्यूचे प्रमाण १२ टक्के राहिले. प्रकृती स्थिरावेपर्यंत वाट पाहण्याच्या रूढ पद्धतीत ते १५.७ टक्के होते. दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय या चाचणीत सहभागी होते.

परंतु कापड जुने आहे म्हणून ते कसेही बांधले तरी चालते, असे मानणे घातक आहे. वस्त्यांत काम करणाऱ्या कार्यकर्तीला या बाबतीत भाबडेपणा परवडणार नाही. अमेरिकेच्या ग्राहकसुरक्षा आयोगाने मार्च २०१० मध्ये इशारा दिला, तेव्हा त्यापूर्वीच्या वीस वर्षांतील १४ बालकांचे झोळीसंबंधित मृत्यू त्याच्यासमोर होते. त्यांपैकी १२ मुले चार महिन्यांच्या आतील होती. कारण शरीररचनेत आहे. तान्ह्याचे डोके अंगाच्या मानाने जड, मानेचे स्नायू दुबळे आणि श्वासनलिका अरुंद व मऊ असते. पिशवीसारख्या खोल झोळीत मूल मुटकुळे होऊन तळाशी गेले, की हनुवटी छातीवर टेकते आणि श्वासाची वाट दबते. किंवा नाक-तोंड कापडात, आईच्या अंगात रुतते. दोन्ही प्रकारांत काही मिनिटांत अनर्थ होतो, आणि तो निःशब्द असतो. गुदमरणारे मूल रडत नाही, कारण रडायलाही श्वास लागतो. अमेरिकेतील दुकानी पिशवीचा जो दोष तोच काखेत लोंबणाऱ्या सैल झोळीचाही. दोष कापडाच्या किमतीत नसून आकारात आहे.

म्हणून पहिल्या चार-पाच महिन्यांत मूल उभे, पोटाला पोट लावून, समोर बांधावे. इतके वर, की आईने मान किंचित झुकवली असता तिचे ओठ त्याच्या कपाळाला टेकावेत. चेहरा एका बाजूला वळलेला आणि पूर्ण उघडा असावा. पदर ऊन लागू नये म्हणूनसुद्धा त्याच्यावर ओढू नये. हनुवटी आणि छाती यांच्यामध्ये दोन बोटे सहज राहतील एवढे अंतर हवे. कापड मानेपर्यंत पाठीला बिलगून असावे. घट्टपणाची परीक्षा सोपी आहे: मुलाच्या पाठीवर तळहात ठेवून हलकेच दाबावे, ते आणखी आत सरकले, तर गाठ सैल आहे आणि थोड्या वेळाने मूल घसरून दुमडणार आहे. आयांना वाटते की घट्ट बांधल्याने मुलाला त्रास होईल. वस्तुतः धोका सैलपणात अधिक. दूध पाजण्यासाठी मूल आडवे किंवा खाली घेतले असेल, तर पाजून होताच पुन्हा वर उभे करावे. या चुकीकडे सर्वांचेच दुर्लक्ष होते.

दुसरी बाब खुब्याच्या सांध्याची. जन्माच्या वेळी या सांध्याची उखळी बरीचशी कूर्चेची, म्हणजे मऊ असते. पाय सरळ ताणून जवळजवळ बांधले, तर मांडीच्या हाडाचा गोळा उखळीतून बाहेर ढकलला जातो. जपानमध्ये १९७५ च्या सुमारास मुलांचे पाय सरळ गुंडाळण्याविरुद्ध देशव्यापी प्रचार झाला आणि खुबा निखळण्याचे प्रमाण झपाट्याने खाली आले. आफ्रिकेत ज्या समाजांत मूल पाय फाकवून पाठीवर बसते, तेथे हा विकार क्वचितच दिसतो. न्हाऊ-माखू घातल्यावर बाळाला काठीसारखे सरळ गुंडाळण्याची जी रीत महाराष्ट्रात अनेक घरी आहे, ती आता सोडावी. झोळीतही पाय लोंबू नयेत. कापड एका गुडघ्याच्या मागच्या खोबणीपासून दुसऱ्या खोबणीपर्यंत पसरलेले, गुडघे बुडापेक्षा थोडे वर, मांड्या बेडकासारख्या फाकलेल्या, अशी बैठक असावी. कडेवर मूल घेण्याची देशी पद्धत याच तत्त्वाची आहे. मान धरू लागल्यावर कापडाचा आधार देऊन ती चालू करावी. पाठीवर बांधणे मूल साधारण सहा महिन्यांचे होईपर्यंत लांबवावे, कारण पाठीवरचा चेहरा आईला दिसत नाही.

आईच्या शरीराचाही विचार झाला पाहिजे. वर्षाचे मूल नऊ किलोंच्या आसपास भरते. ते वजन दोन्ही खांद्यांवर आणि कमरेवर वाटले जावे. एकाच खांद्यावरून घेतले तर बाजू बदलत राहावी आणि गाठ मानेच्या कण्यावर येऊ देऊ नये. मूल जितके वर व अंगालगत, तितके ते हलके लागते. वाकावयाचे तर कमरेतून न वाकता गुडघ्यांत बसावे. कापड सुती, विणीचे, न फाटलेले असावे. नायलॉनच्या निसरड्या साडीवर गाठ टिकत नाही. मराठवाडा-विदर्भाच्या उन्हाळ्यात कापड हाच एक कपडा धरून मुलाला आत पातळ झबले तेवढे ठेवावे आणि अंगावर वारंवार पाजावे. चुलीजवळ, उकळत्या भांड्याजवळ, दुचाकीवर झोळीतले मूल नको. अपुऱ्या दिवसांचे किंवा सर्दी-दम्याने श्वास कोंडलेले मूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय झोळीत घालू नये. कांगारू पद्धतीतले मूलही प्रथम परिचारिकेच्या देखरेखीखालीच बांधलेले असते. शेवटी, तुळईला किंवा झाडाला टांगलेल्या झोळीविषयी एक इशारा. तान्ह्याला मोठ्या भावंडांच्या भरवशावर तीत सोडू नये. आणि मोठी मुले तिच्यात बसून गरगर फिरतात, कापडाला पीळ पडतो व तो मानेभोवती आवळून फास बसल्याचे प्रकार घडले आहेत. मूल उतरवल्यावर झोळी सोडून ठेवावी.

एवढे सांगितल्यावर कोणीही म्हणेल की, हे नियम छापून वाटावेत म्हणजे झाले. अडचण येथेच सुरू होते. या नियमांकडे पुन्हा एकदा अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहावे. मूल सतत नजरेसमोर असावे, दर थोड्या वेळाने गाठ तपासावी, वाकू नये, ऊन, धूळ, अवजार यांपासून दूर राहावे, वारंवार पाजावे. यांतला प्रत्येक नियम कापडाविषयी आहे असे वाटते, पण प्रत्यक्षात तो आईच्या वेळेविषयी आहे. ज्या बाईच्या वेळेवर तिची स्वतःची मालकी आहे, तिलाच तो पाळता येतो.

उसाच्या फडात काय होते? समोर मूल बांधले तर कोयता चालवता येत नाही. पाठीवर बांधले तर त्याचे नाक दिसत नाही. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला मिळून ‘कोयता’ म्हणतात. त्या एका शब्दात दोन माणसे मावतात, तिसरे मात्र मावत नाही. उचल घेतलेली असते, मजुरी टनावर असते, एक खाडा झाला तरी मुकादम कापून घेतो. पाजण्यासाठी बसलेली वीस मिनिटे म्हणजे न तोडलेला ऊस. म्हणून मूल फडाच्या कडेला, पाचटाच्या ढिगाजवळ किंवा गाडीखाली झोळीत राहते आणि त्याच्यावर लक्ष ठेवायला सहा-सात वर्षांची बहीण असते. तिची शाळा त्या झोळीच्या दोरीला बांधलेली असते. वीटभट्टीवर आणि इमारतींच्या बांधकामावर याहून निराळे घडत नाही. अशा आईला ‘मूल असे का बांधलेस?’ म्हणून सुनावणारी कार्यकर्ती किंवा आरोग्यसेविका तिला तिचा वेळ परत देऊ शकत नाही. तिने निदान गाठ नीट करून द्यावी.

कायद्यांची उणीव आहे असे नाही. १९४८ च्या कारखाना कायद्यात पाळणाघराची तरतूद होती. प्रारंभी पन्नासहून अधिक आणि १९७६ च्या दुरुस्तीनंतर तीसहून अधिक स्त्रिया कामावर असतील तेथे ते सक्तीचे झाले. इमारत कामगारांच्या १९९६ च्या कायद्याने पन्नासहून अधिक स्त्रिया अशी अट घातली. २०१७ मध्ये मातृत्वलाभ कायद्यात दुरुस्ती होऊन पन्नास वा अधिक नोकरांच्या आस्थापनेत पाळणाघर आणि आईला दिवसातून चार वेळा तेथे जाण्याची मुभा मिळाली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या श्रमसंहितांनी हे जुने कायदे आपल्यात सामावून घेतले, तरी पाळणाघरासाठी पन्नासचा आकडा कायम आहे. या आकड्यांचे गुपित मालकवर्गाला चांगले ठाऊक आहे. हजेरीपटावर बाई कोणत्या कंत्राटदाराची दाखवायची, एका कामाचे किती तुकडे पाडायचे, पन्नासावी बाई कधी मोजायची, हे त्याच्या हातात असते. ऊसतोड मजुरांचे तर याहून विचित्र. कारखाना मुकादमाकडे बोट दाखवतो, मुकादम कारखान्याकडे. पाळणाघर मागायचे कोणाकडे, हेच ठरत नाही.

उलट महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेतून एक वेगळी दृष्टी पुढे आली. कामाच्या जागी पाणी आणि सावली यांच्याबरोबर मुले सांभाळण्याची सोयही हवी, असे तिने मानले. २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्याच्या अनुसूचीत हेच तत्त्व अधिक नेमके झाले होते. कामावर पाच किंवा अधिक लहान मुले आली, तर त्यांच्यासाठी एका बाईची नेमणूक करावी आणि तिला इतरांइतकीच मजुरी द्यावी. येथे बायकांची संख्या मोजलेली नाही, मुलांची मोजलेली आहे, आणि मूल सांभाळणे ही मजुरी मिळणारी कामगिरी ठरली आहे. अंमलबजावणी बहुतेक ठिकाणी कागदावर राहिली, ही गोष्ट खरी. पण पाच मुले आणि एक बाई हे मोजमाप मागणीपत्रात घालण्याजोगे आहे. हे अशक्य नाही, याचा पुरावा १९६९ मध्येच मिळाला. गांधी शताब्दीच्या प्रदर्शनाचे बांधकाम दिल्लीत राजघाटावर चालू असताना मीरा महादेवन यांनी मजूर बायकांची धुळीत पडलेली मुले पाहून तेथेच एका तंबूत पाळणाघर सुरू केले. त्यातून ‘मोबाइल क्रेशेस’ ही संस्था उभी राहिली आणि १९७० च्या दशकात ते काम मुंबईतही आले. तंबू, सतरंजी, पाणी, दोन बायका आणि आई येऊन पाजू शकेल इतके अंतर. सुरुवातीचे भांडवल एवढेच होते.

महाराष्ट्राला हिरकणीची कथा प्रिय आहे. संध्याकाळी रायगडाचे दरवाजे लागले, घरी तान्हे मूल, आणि ती गवळण कडा उतरून गेली, असे आख्यायिका सांगते. तिच्या नावाने एस.टी. स्थानकांवर ‘हिरकणी कक्ष’ झाले, ही चांगली गोष्ट आहे. पण ती दूध घेऊन गडावर चढली तेव्हा दिवसभर ते मूल कोणाजवळ होते, हा प्रश्न कथेत कोणी विचारत नाही.

दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघण्यापूर्वी मुकादमाशी बोलणी होतात, तेव्हा सावलीची जागा, मुलांजवळ बसणारी एक बाई आणि तिची मजुरी या तीन गोष्टी उचलीच्या आकड्याबरोबर त्याच बैठकीत आल्या पाहिजेत. फडावर पोहोचल्यानंतर त्या मागून मिळत नाहीत. त्या मिळेपर्यंत मूल आईच्याच पाठीवर राहणार. तेथेही एक गोष्ट आजच करण्यासारखी आहे. कांगारू पद्धतीत बापही मूल छातीशी बांधून बसतो. आई आजारी असली तर तासन् तास. फडात बाई उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढते आणि पुष्कळदा मुलासह चढते. नवरा खाली मोळ्या बांधीत असतो. तेवढ्या वेळापुरते ते मूल त्याच्या पाठीला बांधायला दुसरे कापड लागत नाही.